रुबी सीड्रॅगनचा शोध नक्की कधी लागला?

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केली आहेत, बाकी ऐकलंत तसंच.

आजचा भाग एका माशाच्या इतिहासाबद्दल आहे. माशाच्या उत्क्रांतीबद्दलही थोडं येईल, पण मुख्य गोष्ट आहे तो माणसाला कसा सापडला याची. मासा ऑस्ट्रेलियाचा आहे, नाव रुबी सीड्रॅगन. माणकासारखा लाल, म्हणून रुबी.

हा मासा कधी सापडला असं शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी २०१५ हे साल दिसेल. त्या वर्षी त्याला शास्त्रीय नाव मिळालं, त्यामुळे ते उत्तर बरोबरच आहे. पण जरा खोलात गेलं की आणखी तीन सालं समोर येतात. १९१९ मध्ये तो एका किनाऱ्यावर वाहून आला होता. २००७ मध्ये जाळ्यात सापडला होता. आणि जिवंत, पोहताना माणसाने तो पहिल्यांदा पाहिला २०१६ मध्ये, म्हणजे नाव ठेवल्यानंतर एक वर्षाने. आधी बारसं आणि मग बाळ बघायला जायचं, असा प्रकार.

मग शोध लागला कधी? चारही तारखा एकेक करून बघूया. त्याआधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

नळीच्या तोंडाचं कुटुंब

समुद्रघोडा तुम्हाला चित्रातून का होईना, माहीत आहे. समुद्रघोडे, पाइपफिश आणि सीड्रॅगन हे सगळे एकाच कुळातले, सिंग्नॅथिडी. ग्रीक शब्दांवरून आलेल्या या नावाचा अर्थ साधारण 'जोडलेला जबडा'. या कुळात सुमारे ३०० प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य पाइपफिश आहेत. पाइपफिश म्हणजे सरळ केलेला समुद्रघोडा समजा. लांब, काडीसारखं शरीर, पुढे नळीसारखं तोंड. सीड्रॅगनही या पाइपफिशांचेच जवळचे भाईबंद.

या सगळ्यांना दात नसतात, पोट म्हणजे जठरही नसतं. बारीक कोळंबीसारखे जीव समोर आले की नळीतून झटकन ओढून घ्यायचे आणि अख्खे गिळायचे. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी कातडीखाली हाडांच्या कड्यांचं चिलखत असतं. त्यामुळे पोहण्याचा वेग यथातथाच. पळून जीव वाचवता येत नाही, म्हणून लपून वाचवायचा. आजूबाजूला जे असेल त्याच्यासारखं दिसायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या कुळाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे अंडी नर सांभाळतो. समुद्रघोड्याच्या नराला त्यासाठी पोटाशी पिशवी असते. सीड्रॅगनच्या नराला पिशवी नसते, मादी त्याच्या शेपटीच्या खालच्या मऊ कातडीवर अंडी चिकटवते. साध्या सीड्रॅगनचा नर एका वेळी साधारण अडीचशे अंडी घेऊन फिरतो.

गंमत बघा, या माशांबद्दलचा गोंधळही खूप जुना आहे. अॅरिस्टॉटलने 'बेलोने' म्हणजे सुई नावाच्या एका माशाबद्दल लिहून ठेवलंय. पिल्लांच्या वेळी याचं पोट फाटतं, अंडी बाहेर पडतात आणि नंतर जखम भरून येते, असं त्याचं वर्णन आहे. तो पाइपफिशच असावा असं अभ्यासक मानतात. पोटावरची ती उघडणारी फट अॅरिस्टॉटलला कळली होती. पण अंडी सांभाळणारा हा प्राणी नर आहे, हे युरोपातल्या निसर्ग अभ्यासकांच्या नीट लक्षात यायला एकोणिसावं शतक उजाडलं. म्हणजे साधारण दोन हजार वर्षं मासा हातात होता, निरीक्षण होत होतं, आणि मुख्य गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून निसटत होती. आजच्या गोष्टीत असं पुन्हा घडणार आहे.

१८०४ आणि १८६५ : दोन ड्रॅगन

सीड्रॅगन फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात मिळतात, जगात दुसरीकडे कुठेही नाही. १८०४ मध्ये पॅरिसमध्ये लासेपेद या निसर्गशास्त्रज्ञाने पहिल्या सीड्रॅगनचं वर्णन छापलं. त्याने तो पाइपफिशांच्याच वंशात टाकला होता. वेगळा वंश नंतर केला गेला. आज त्याचं नाव फिलॉप्टेरिक्स टेनिओलेटस, साध्या भाषेत कॉमन सीड्रॅगन. अंगावर मोजकीच पानांसारखी झालर, लांबी जास्तीत जास्त पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास.

१८६५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या आल्बर्ट गुंथरने दुसऱ्याचं वर्णन केलं. हा लीफी सीड्रॅगन. याला इतकी पानं असतात की समुद्री शेवाळाचा तुकडा तरंगतोय की मासा, हे जवळ जाऊनही कळत नाही. निसर्गाच्या माहितीपटात दिसतो तो बहुतेक वेळा हाच.

इथे यादी बंद झाली. पुढची दीडशे वर्षं सगळ्या पुस्तकांत सीड्रॅगन दोनच. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, पाण्याखाली श्वास घ्यायची उपकरणं आली, या दोन माशांचे लाखो फोटो निघाले, मत्स्यालयांत त्यांची पैदास करायचे प्रयत्न सुरू झाले. तिसरा असेल असं कुणाला वाटायचं काही कारणच नव्हतं.

१९१९ : कॉटेस्लोचा किनारा

पहिली तारीख. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं पर्थ शहर. शहराला लागून कॉटेस्लो नावाचा किनारा आहे, लोक संध्याकाळी फिरायला जातात तसा. १९१९ मध्ये तिथे एक मेलेला सीड्रॅगन वाहून आला. तो संग्रहालयात पोहोचला आणि ठेवला गेला.

त्या वेळी त्याच्याकडे बघणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर एक सीड्रॅगन आहे. पुस्तकात सीड्रॅगन दोन. लीफी तर नक्कीच नाही, कारण पानांचा तो पसारा नाही. मग उरला कॉमन. झालं काम.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. एखाद्या फॉर्ममध्ये ड्रॉपडाउन असतो आणि त्यात दोनच पर्याय असतात. भरणाऱ्याकडे तिसरीच केस असते. तो काय करतो? जवळचा पर्याय निवडतो आणि पुढे जातो. सिस्टीम एरर देत नाही. उलट सगळं व्यवस्थित भरलेलं दिसतं. अशी चूक शोधायला सगळ्यात अवघड, कारण ती चुकीसारखी दिसतच नाही.

रंग बघून शंका आली असती का? तीही सोय नव्हती. मेलेल्या माशाचा रंग भराभर उडतो. फॉर्मलिन आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेले मासे काही काळाने फिकट, पिवळट तपकिरी होतात. लाल मासा, करडा मासा, सगळे एका रंगाचे. या माशाची सगळ्यात ठळक ओळख म्हणजे त्याचा लाल रंग, आणि संग्रहालयात नेमकी तीच टिकत नाही.

तरीही त्या दिवशी कुणीतरी एक गोष्ट बरोबर केली. मासा ठेवला, आणि तो कुठला, कधीचा, याची नोंद ठेवली. ती नोंद पुढे जवळजवळ शंभर वर्षं कुणाच्याही कामाची नव्हती.

२००७ : जाळ्यातला बाप

दुसरी तारीख. पर्थपासून रस्त्याने साधारण सातशे किलोमीटरवर, दक्षिण किनाऱ्यावर एस्पेरन्स नावाचं गाव आहे. त्याच्या समोरच्या समुद्रात बेटांचा मोठा पुंजका आहे, रशर्श द्वीपसमूह. २००७ मध्ये तिथे ५१ मीटर खोलीवर तळाशी ओढलेल्या ट्रॉल जाळ्यात एक सीड्रॅगन वर आला. नर होता, आणि अंगावर काही डझन पिल्लांचा भार होता.

इथे दोन गोष्टी झाल्या. मासा वर आला तेव्हा लगेच त्याचा फोटो काढला गेला, रंग उडायच्या आत. आणि त्याच्या शरीराचा छोटा तुकडा वेगळा काढून डीएनएसाठी जपून ठेवला गेला. जुन्या पद्धतीने फॉर्मलिनमध्ये मुरलेल्या माशातून डीएनए मिळवणं फार अवघड असतं, म्हणून आता संग्रहालयं असा नमुना आधीच बाजूला काढतात. मासा, तुकडा आणि फोटो हे तिन्ही पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयात जमा झालं.

यानंतरही काही वर्षं काहीच घडलं नाही. फोटोत मासा लालभडक होता, पण कॉमन सीड्रॅगनच्या रंगातही फरक असतात, लालसर छटा त्यांच्यातही दिसते. त्यामुळे नुसत्या फोटोवरून कुणी उडी मारली नाही.

२०१५ : नाव मिळालं

अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्क्रिप्स इन्स्टिट्यूशन ऑफ ओशनोग्राफी नावाची जुनी समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथे जोसेफिन स्टिलर ही संशोधक विद्यार्थिनी सीड्रॅगनच्या डीएनएवर काम करत होती. तिच्यासोबत तिथलेच प्राध्यापक ग्रेग राऊस आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयातल्या नेरिडा विल्सन. उद्देश नवी प्रजाती शोधणं हा नव्हताच. माहीत असलेल्या दोन प्रजातींचं संवर्धन नीट करता यावं, यासाठी त्यांचा अभ्यास चालू होता. त्यासाठी जिथून मिळतील तिथून नमुने मागवले जात होते. त्यात २००७ च्या त्या नराचा तुकडाही आला.

डीएनए वाचला तर तो कॉमनशी जुळेना, आणि लीफीशीही जुळेना.

मग त्यांनी संग्रहालयाकडून अख्खा मासा आणि तेव्हाचे फोटो मागवले. माशाला कापायचं नव्हतं, म्हणून सीटी स्कॅन केलं. माणसाचं करतात तेच तंत्र. एक्स-रेचे पाच हजारांच्या आसपास काप जोडून संगणकावर सांगाड्याचं फिरवून बघता येईल असं त्रिमितीय मॉडेल तयार झालं. हाडांच्या रचनेतही फरक स्पष्ट होता. आता शंका उरली नाही.

मग माग उलटा काढायला सुरुवात झाली. संग्रहांमध्ये असे आणखी कुणी आहेत का? आणि तिथे १९१९ चा कॉटेस्लोचा पाहुणा भेटला. एकूण नमुने चारच मिळाले, चारही मेलेले. पण त्या जुन्या नोंदीमुळे एक मोठी गोष्ट कळली, ती म्हणजे हा मासा फक्त एस्पेरन्सच्या बेटांपुरता नाही, त्याचा पसारा पर्थपर्यंत असू शकतो. नुसता डीएनए हे सांगू शकला नसता. ते १९१९ मध्ये लिहिलेल्या गावाच्या नावाने सांगितलं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉयल सोसायटी ओपन सायन्स या नियतकालिकात वर्णन प्रसिद्ध झालं. नाव ठेवलं फिलॉप्टेरिक्स ड्यूईसी. सीड्रॅगनच्या संवर्धनाला मदत करणाऱ्या एका समुद्रप्रेमी बाईंचं टोपणनाव ड्यूई, त्यावरून. १८६५ नंतरचा हा पहिला नवा सीड्रॅगन.

२०१६ : दिवा लावल्यावर

चौथी तारीख. आता नाव होतं, सांगाडा होता, डीएनए होता. पण मासा राहतो कसा, पोहतो कसा, हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये विल्सन आणि राऊस वगैरे मंडळी त्याच रशर्श द्वीपसमूहात गेली, जिथे २००७ मध्ये तो जाळ्यात आला होता.

या नावाची एक वेगळीच गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७९२ मध्ये दोन फ्रेंच जहाजं या किनाऱ्यावर आली होती, दांत्रकास्तो या अधिकाऱ्याच्या हाताखाली. एकाचं नाव 'रशर्श', म्हणजे शोध. दुसऱ्याचं 'एस्पेरान्स', म्हणजे आशा. ती निघाली होती ला पेरूझ या बेपत्ता झालेल्या फ्रेंच दर्यावर्दीच्या शोधात. १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा सोडल्यानंतर त्याचा पत्ता लागला नव्हता. ला पेरूझ त्यांना मिळाला नाही. पण बेटांना एका जहाजाचं नाव पडलं आणि गावाला दुसऱ्याचं.

पुढच्या वर्षी ही जहाजं प्रशांत महासागरात वानिकोरो नावाच्या बेटाजवळून गेली. बेट दिसलं, नकाशात मांडलं, त्यालाही रशर्शचंच नाव दिलं, आणि न थांबता पुढे गेली. ला पेरूझची जहाजं त्याच बेटाच्या खडकांवर फुटली होती, हे जगाला १८२७ मध्ये कळलं. जे शोधायला निघालो त्याच्या शेजारून जायचं, नोंद करायची, पण ओळखायचं नाही. १९१९ चा मासा आठवतोय ना?

असो. २०१६ ला परत येऊ. या वेळी टीमकडे एक छोटं रिमोटवर चालणारं पाणबुडी यंत्र होतं, कॅमेरा आणि दिवा असलेलं. माणसाला तिथे उतरणं सोपं नाही. हौशी डायव्हिंगची साधारण मर्यादा चाळीस मीटर मानतात. त्याखाली जायला वेगळं प्रशिक्षण, वेगळे वायू, जास्त धोका. आणि रुबी राहतो पन्नास मीटरच्या खाली. तांत्रिकदृष्ट्या 'खोल समुद्र' दोनशे मीटरनंतर सुरू होतो, त्यामुळे हा काही अथांग अंधारातला मासा नाही. पण सीड्रॅगनच्या मानाने तो खोलच. दोन्ही भावंडं डायव्हरांच्या टप्प्यात राहतात आणि हा बरोबर त्या टप्प्याच्या पलीकडे. दीडशे वर्षं तो दिसला नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

त्या मोहिमेत यंत्राच्या कॅमेऱ्यासमोर दोन रुबी आले. जवळजवळ तीस मिनिटं त्यांचं चित्रण झालं. आणि त्या अर्ध्या तासाने बरंच काही सांगितलं.

पहिली गोष्ट म्हणजे पानं. संग्रहालयातल्या नमुन्यांवर पानांसारखी झालर नव्हती. पण जाळ्यात किंवा किनाऱ्यावर आपटून ती तुटली असेल, जिवंतपणी असणारच, असं शास्त्रज्ञांनाही वाटत होतं. सीड्रॅगन म्हणजे पानं, असं समीकरणच होतं. चित्रणात दिसलं की पानं नाहीतच.

दुसरी गोष्ट शेपटी. समुद्रघोडा शेपटीने गवताची काडी पकडतो, हे तुम्ही पाहिलं असेल. कॉमन आणि लीफी सीड्रॅगनना ते जमत नाही, त्यांची शेपटी पकडीची नाही. रुबीची शेपटी मात्र टोकाला वळलेली दिसली, पकडण्यासाठी वापरता येईल अशी. खोल पाण्यात लाटांची खेचाखेच असते, तिथे काहीतरी धरून राहता येणं उपयोगाचं असणार, असा त्यांचा अंदाज.

तिसरी गोष्ट घर. कॉमन आणि लीफी राहतात केल्पच्या, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाच्या रानात आणि समुद्री गवतात. पन्नास मीटरच्या खाली सूर्यप्रकाश कमी, त्यामुळे ते रान विरळ होत जातं. रुबी जिथे दिसले तिथे तळावर होते स्पंज, अनेक तऱ्हांचे. आता मघाचा मुद्दा आठवा, की हे मासे पळत नाहीत, लपतात. जिथे पानंच नाहीत तिथे पानाचं सोंग घेऊन काय उपयोग?

मग लपायचं कसं? लाल होऊन. ऐकायला उलटं वाटतं, कारण आपल्याकडे लाल म्हणजे लक्ष वेधून घेणारा रंग. एसटी लाल, सिग्नल लाल. पण पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं. वरच्या काही मीटरांतच तो बहुतेक संपतो, खाली पोहोचतो तो निळा-हिरवा. लाल वस्तू लाल दिसायला तिच्यावर लाल प्रकाश पडावा लागतो. तो नसेल तर ती काळपट, करडी दिसते. म्हणजे रुबी आपल्या घरात लाल दिसतच नाही. जाळ्यातून वर ओढल्यावर किंवा त्याच्यावर दिवा मारल्यावर तो लाल होतो. आपण ज्या रंगावरून त्याला नाव दिलं, तो रंग त्याच्या शेजाऱ्यांना बहुधा कधी दिसलेलाच नाही.

या निरीक्षणांचा लेख जानेवारी २०१७ मध्ये आला. त्यात लेखकांनी शिफारस केली की या प्रजातीला शक्य तितक्या लवकर संरक्षण द्यावं. जिवंत मासे पाहिलेत दोन, आणि पहिली मागणी ही.

मग शोध कधीचा?

माझ्या मते एकच तारीख निवडायचा हट्ट सोडावा. १९१९ ला मासा मिळाला पण ओळख नाही. २००७ ला पुरावा मिळाला पण प्रश्न नाही. २०१५ ला प्रश्न आणि उत्तर मिळालं, पण त्या उत्तरात जीव नव्हता. २०१६ ला जीव दिसला. यातली एक कडी काढा आणि साखळी तुटते. २००७ मध्ये तो तुकडा बाजूला काढला नसता, तर स्टिलरच्या हातात डीएनए आलाच नसता.

आणि या साखळीत सगळ्यात कमी कौतुक होतं ते ठेवणाऱ्यांचं. लिहिणाऱ्यांचं नाव लेखावर येतं. १९१९ पासून ज्या ज्या लोकांनी तो मासा सांभाळला, नोंद वाचता येईल अशी ठेवली, जागा कमी पडली तेव्हाही 'कॉमनच आहे, असे खूप आहेत आपल्याकडे' म्हणून फेकून दिला नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आमच्या कामात स्टोरेजचं बिल वाढलं की कुणीतरी हमखास विचारतं, हा जुना डेटा कोण वापरतं, उडवूया का? बऱ्याचदा उडवायला हरकत नसतेही. पण कच्चा डेटा आणि त्याची तारीख, हे दोन उडवण्याआधी मी आता दहा वेळा विचार करतो. उद्या कुठला प्रश्न विचारला जाईल हे आज कळत नाही.

हे आपल्यापासून लांबचं नाही. ज्या एप्रिल २०१६ मध्ये रुबी पहिल्यांदा जिवंत दिसला, त्याच महिन्यात, २६ तारखेला, दिल्लीतल्या राष्ट्रीय निसर्ग संग्रहालयाला आग लागली आणि आतले नमुने जळून गेले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, ब्राझीलमध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. अशा आगीत काय काय गेलं याची यादी करता येते. पण त्यात चुकीच्या लेबलाखाली कोण बसलं होतं, याची यादी कुणीच करू शकत नाही. १९१९ चा मासा २०१० मध्ये जळला असता, तर 'एक कॉमन सीड्रॅगन गेला' एवढीच नोंद झाली असती.

आपल्याकडे पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. मुंबईत बीएनएचएसकडे शंभर वर्षांहून जुना संग्रह आहे. आणि पाइपफिश आपल्याही समुद्रात आहेत. २००१ मध्ये समुद्रघोडे आणि पाइपफिश यांचं हे अख्खं कुळच आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. पहिली अनुसूची म्हणजे वाघाच्या पंगतीत. मला यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. कायद्यात एकेक प्रजाती मोजत न बसता तेव्हा सगळं कुळ एका ओळीत आणलं. म्हणजे ज्याला अजून नाव नाही, जो कुठल्या तरी जुन्या लेबलाखाली चुकून बसलाय, तोही कागदावर तरी सुरक्षित झाला.

कागदावर तरी, असं म्हणतोय कारण ट्रॉलरचं जाळं अनुसूची वाचत नाही. तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यात बारीकसारीक, न विकला जाणारा माल येतोच, आणि तो कशाचा होता हे बघायला वेळ कुणाला असतो? २००७ मध्ये त्या जाळ्याजवळ कुणीतरी बघितलं. ढिगातून एक मासा बाजूला काढला, त्याचा फोटो घेतला, तो कुठे आणि किती खोलीवर मिळाला ते लिहून ठेवलं. पुढची सगळी कथा त्या पाच-दहा मिनिटांच्या कामावर उभी आहे.

तर मंडळी, तुमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात काचेची कपाटं असतील, धूळ बसलेल्या बरण्या असतील, तर एकदा जाऊन बघा. लेबलं अजून वाचता येतात का, तेवढं बघितलंत तरी पुरे. जी पुसट झाली असतील त्यांचा मोबाईलवर फोटो काढा आणि विभागात कुणाला तरी दाखवा. बरणीत काय आहे हे तुम्हाला कळायची गरज नाही. कुठलं आणि कधीचं, एवढं टिकलं की पुढच्या माणसाचं काम होतं.

आजच्या भागात एवढंच. तुमच्याकडे अशा बरण्यांच्या काही गोष्टी असतील तर जरूर कळवा, त्यावर एक वेगळा भाग करता येईल.